साठीनंतरचा जीवनसत्त्वांचा हिशेब: जमा, खर्च आणि उगाच घेतलेल्या गोळ्या

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी इथे इंदुरात रामबागेतून दूध घेऊन परत येत होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराने हाक मारली, "दादाजी, एक चप्पल कहां छोड़ आए?" वळून बघतो तर डाव्या पायातली चप्पल पन्नासेक पावलं मागे रस्त्यात पडलेली. पायातून ती निघाली कधी, हे मला कळलंच नव्हतं.

शुगर आहे, तिचंच हे, असं मी वर्षभर धरून चाललो होतो. तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून 'नसों की ताकत' वाल्या लाल गोळ्या आणून रोज घेत होतो. तपासणी मात्र एकही केली नव्हती. शेवटी केली तेव्हा बी१२ निघालं १३८. दोनशेच्या खाली गेलं की कमतरता समजतात.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर सरकारी खात्यात जमाखर्च लिहिला. पण त्या दिवसापासून ह्या विषयाचीही वही घातली आणि भाची डॉक्टर असल्यामुळे तिच्याकडून ती तपासून घेत आलो. कट्ट्यावरचे मित्र सारखं विचारतात, "तू नेमकं काय घेतोस?" हा प्रश्नच उलटा आहे. काय घ्यायचं हे सर्वांत शेवटी येतं. त्याआधी काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी पहिली: घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

सगळ्या म्हणजे सगळ्या. फ्रिजवरच्या डब्यातल्या, उशाखालच्या, मुलीने अमेरिकेतून पाठवलेली मोठी बाटली, वैद्यांचं चूर्ण, च्यवनप्राश, मेव्हण्यांनी "घेऊन तर बघा" म्हणून दिलेल्या कॅप्सूल. एका कागदावर तीन रकाने आखा: गोळीचं नाव, कुणी सांगितली, कधीपासून घेताय. मी हे केलं तेव्हा माझ्या यादीत अकरा नावं निघाली. त्यातली चार कुणी सांगितली होती, तेच आठवेना.

मग प्रत्येक पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. भिंग लागेल, घ्या. निम्मा घोटाळा इथेच सापडतो. कॅल्शियमच्या गोळीत ड जीवनसत्त्व असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये पुन्हा तेच, आणि वर ड जीवनसत्त्वाची आठवड्याची साठ हजार युनिटची पुडी असतेच. एकाच खात्यात तीनदा जमा! माझ्या लाल गोळीत बी१२ होतं, पण त्याच्या जोडीला बी६ भरपूर होतं. बी६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी घ्यावी, तेच दुखणं ती वाढवू शकते.

आता त्याच कागदावर नेहमीच्या औषधांवर खुणा करा. ह्या पाच-सहा जातींची औषधं जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या हिशेबात लुडबुड करतात:

मधुमेहाची मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ शोषलं जाणं कमी होतं. ॲसिडिटीची पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही मंडळी बी१२ही कमी करतात आणि मॅग्नेशियमही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सोडियम-पोटॅशियम खाली आणतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल ह्या रक्तदाबाच्याच गोळ्यांचं उलट, त्या पोटॅशियम वाढवू शकतात. थायरॉइडची गोळी कॅल्शियम किंवा लोहाच्या जवळ घेतली तर तिचा काही भाग वाया जातो. आणि वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या एक आठवडा ढीगभर आणि दुसऱ्या आठवड्यात शून्य असं चालत नाही. त्यांतलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं.

हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. "ताकदीच्या गोळ्या कशाला सांगायच्या" म्हणून तो भाग आपण गाळतो, आणि नेमका तोच भाग त्यांना हवा असतो. यादी करून मनाने कुठलंही औषध बंद करू नका. मेटफॉर्मिनला शिव्या घालून ती थांबवणारे दोघे आमच्याच कट्ट्यावर आहेत, दोघांचीही शुगर वर गेली.

पायरी दुसरी: मोजक्या तपासण्या

ऐंशी तपासण्यांचं 'फुल बॉडी पॅकेज' आजकाल फोनवरूनही गळ्यात मारतात. ऐंशींत दोन-चार आकडे लाल निघतातच, आणि मग त्यांच्या मागे पळापळ सुरू होते. ह्या विषयापुरत्या एवढ्या पुरतात: रक्ताची सर्वसाधारण तपासणी म्हणजे सीबीसी, बी१२, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम आणि थायरॉइडसाठी टीएसएच. मधुमेह असला तर एचबीए१सी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी, तुम्ही करतच असाल. प्रोस्टेटच्या पीएसएचा विषय वेगळा, तो डॉक्टरांशी बोलून ठरवायचा.

दोन गोष्टी इथे चुकतात. पहिली, आधी बी१२ची गोळी सुरू करायची आणि महिन्याने तपासायचं. आकडा वर दिसतो आणि खरी स्थिती कळतच नाही. दुसरी, केसांच्या गोळ्या. त्यांत बायोटिन असतं आणि ते थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकवू शकतं, हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी करतात त्या ट्रोपोनिनचासुद्धा. ह्या वयात केसांसाठी गोळी कोण घेतो असं वाटेल, पण मुलीच्या बाटलीत बायोटिन होतंच. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि तसं लॅबमध्ये सांगा.

पायरी तिसरी: बी१२, शाकाहारी पेन्शनरचं कच्चं खातं

ह्या जीवनसत्त्वाची रोजची गरज जेमतेम सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग अडीच वेळा. एवढंसं ते, पण त्याच्यावाचून रक्तही बनत नाही आणि नसांवरचं वेष्टणही टिकत नाही. गंमत म्हणजे त्याचा शोध लिव्हर खाण्यातून लागला. बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली जाहीर केलं, की जीवघेण्या पंडुरोगाचे (ॲनिमियाचे) रुग्ण रोज भरपूर लिव्हर खाल्ल्याने सुधारतात. १९३४ साली त्यांना नोबेल मिळालं. लिव्हरमधला तो पदार्थ, म्हणजे बी१२, हाताला लागला १९४८ साली.

वनस्पतींत ते नाही. पालकात नाही, बीटात नाही, मोडाच्या मुगात नाही. तुपातही नाही, हे सांगितलं की आमच्याकडचे लोक रागावतात. इडली-ढोकळा आंबवलेला असला तरी त्याचा भरवसा धरू नये. शाकाहारी माणसाला ते मिळतं दूध, दही, ताक, पनीर यांतून, आणि खात असाल तर अंड्यातून. पावशेर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम. दिवसाकाठी दोन पेले दूध आणि एक वाटी दही खरोखर पोटात जात असेल तर हिशेब जुळतो. "आम्ही दूध घेतो" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण चहातलं दूध मोजतात, हा माझा अनुभव.

पण साठीनंतर खरी अडचण खाण्यात नसून शोषणात असते. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि मग जठरानेच तयार केलेल्या एका प्रथिनाच्या हाताला धरून ते आतड्यापर्यंत जातं. वय वाढलं की जठराचं अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं. वरून पँटोप्राझोल. वरून मेटफॉर्मिन. माझ्या बाबतीत तिन्ही होतं आणि चौथं म्हणजे मी जन्माचा शाकाहारी. यकृतात ह्याचा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, म्हणून खड्डा पडायला लागला तरी लगेच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा तळपायाला मुंग्या, चालताना तोल, जीभ लालबुंद आणि झोंबणारी, विसरभोळेपणा. शेवटचं लक्षण घरचे लोक "आता वय झालं" म्हणून सोडून देतात.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. कमतरता जास्त असेल किंवा नसांची लक्षणं असतील तर डॉक्टर आधी इंजेक्शनं देतात. पुढे बहुतेकांना रोजची एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. गरज अडीचची आणि गोळी हजाराची कशाला, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर असं, की जठराची ती वाट बंद असली तरी गोळीतला साधारण एक टक्का थेट आतड्यातून झिरपतो. हजाराचा एक टक्का दहा. चौपट झाली की गरज!

ह्याच ठिकाणी एक सापळा आहे. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, चेहऱ्यावर तेज येतं, आणि आत नसांची झीज चालूच राहते. फॉलिक ॲसिडची गोष्ट तशी आपल्या मुंबईची. १९३० च्या आसपास ल्युसी विल्स ह्या इंग्रज बाईंनी तिथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला आणि त्यातूनच पुढे हे जीवनसत्त्व सापडलं. मोठं काम. पण साठीच्या पुरुषाने बी१२ न तपासता ती गोळी तोंडात टाकायची नाही.

पायरी चौथी: ऊन, पण कोणत्या वेळचं

नेहरू पार्कात पहाटे साडेपाचपासून आमची पिढी फिरते. पिपल्यापाल्यालाही तेच, मेघदूतलाही तेच. सगळे समजतात की आपण ड जीवनसत्त्व गोळा करतोय. फिरण्याचे फायदे शंभर असतील, हा त्यातला नाही. सकाळच्या तिरप्या किरणांना हवेतून फार लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि त्यातला कामाचा भाग वाटेतच संपतो.

साधी खूण: तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. कर्कवृत्त उज्जैनच्या बाजूने जातं, आपण त्याच्या किंचित दक्षिणेला, त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर सकाळी दहानंतर हे सहज जमतं. उन्हाळ्यात तर साडेनऊलाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीसुद्धा आपली सावली आपल्याहून थोडी लांबच पडते, म्हणून थंडीत अकरा ते दोन ह्या वेळेतच गच्चीवर बसायचं, आणि जरा जास्त वेळ. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, काच नेमके तेच किरण अडवते. एप्रिल-मेच्या मालव्यातल्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं बस, आणि डोक्यावर टोपी. लू लागून पडलात तर जीवनसत्त्व राहिलं बाजूला.

एवढं करूनही आकडा कमी निघू शकतो. सावळी कातडी हे जीवनसत्त्व सावकाश बनवते आणि म्हातारी कातडी आणखी सावकाश. रक्तातला आकडा २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत वृद्धांची रोजची गरज ८०० युनिट आहे. साठ हजाराशी ताडून बघा, म्हणजे पुडी किती मोठी आहे ते कळेल.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ती आठवड्याची पुडी रोज घेतली. लिहून देणाऱ्याचं अक्षर तसं होतं, की दुकानदाराने तसं सांगितलं, देव जाणे. दीड महिन्यात त्यांना विलक्षण तहान, बद्धकोष्ठ, आणि शेवटी असंबद्ध बोलणं. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. पाच दिवस सलाइनवर काढले. तेव्हापासून मी सांगतो: पुडीचा एक वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा, घेतली की गोलात फुली मारा. आणि ती उपाशीपोटी घेऊ नका. हे स्निग्धात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जेवणानंतर किंवा सायीच्या दुधाबरोबर चांगलं अंगी लागतं.

पायरी पाचवी: कॅल्शियम आणि प्रथिनं स्वयंपाकघरातून

साठीनंतर कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅम धरतात. गोळीकडे वळण्याआधी ताटाची बेरीज करा. पावशेर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम. वाटीभर दह्यात पावणेदोनशे-दोनशे. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये जवळपास २००. न सोललेल्या तिळाच्या एका मोठ्या चमच्यात शंभरेक. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात त्याच्या कितीतरी कमी, कारण कॅल्शियम सालीतच असतं. शेवग्याचा पाला म्हणजे खजिना, शंभर ग्रॅममध्ये तीनशेच्या वर. शेवग्याला इथे सुरजना म्हणतात. शेंगा मंडईत मिळतात, पाला मात्र झाडवाल्या घरी जाऊन मागावा लागतो. त्याची भाजी किंवा थालीपिठात चिरून. नाचणीही उत्तम, पण ती आपल्या भागात पिकत नाही, सियागंजच्या बाजारात विचारून आणावी लागते. पालकाच्या कॅल्शियमवर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट ते अडकवून ठेवतं.

बेरीज करून दोन-चारशे कमी पडले तरच गोळी, तीही पाचशे मिलिग्रॅमच्या वर एका वेळी नको, कारण शरीर त्याहून जास्त एकदम घेऊ शकत नाही. कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर. सिट्रेट कधीही चालतं, आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तेच बरं. मूतखडा होऊन गेलेल्यांनी घाबरून दूध-दही सोडायचं नाही. जेवणातलं कॅल्शियम खड्याच्या बाबतीत उलट मदतच करतं. गोळीबद्दल मात्र डॉक्टरांना विचारायचं.

प्रथिनांचा विषय जीवनसत्त्वांच्या लेखात कशाला? कारण हाडावर स्नायू नसेल तर नुसतं कॅल्शियम काय करणार? म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा मांड्यांत जोर नसल्यामुळे. वजनाच्या किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिन हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. पासष्ट किलोच्या माणसाला पासष्ट ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी सहा-सात, दुधाचा पेला आठ, अंडं सहा, मूठभर शेंगदाणे सात. मराठी माणसाचं ताट बघा: दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, भात. पंधरा ग्रॅमच्या वर जात नाही.

आपल्या मालव्यात सोयाबीन एवढं पिकतं, त्याच्यावरची केंद्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे, आणि आपण ते फक्त तेलाच्या डब्यातून ओळखतो. सोयाबीनमध्ये चाळीसेक टक्के प्रथिन. तीस ग्रॅम सोया वडीत पंधरा ग्रॅम. दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन टाकून दळून आणा, पोळीला चव बदलल्याचं कळतही नाही. सोयाबीन आधी उकळून, वाळवून, भाजून घ्यायचं. कच्चं दळलं तर पोट कुरकुरतं.

एक अवघड गोष्ट लिहितो. आमच्या पिढीतल्या बऱ्याच पुरुषांनी जन्मात गॅस पेटवलेला नाही. बायको गेली की हे लोक चहा-टोस्टवर येतात. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी डबा, त्यातला निम्मा तसाच, रात्री पुन्हा दूध-टोस्ट. कवळी बसत नसेल तर भाकरी आणि शेंगदाणेही सुटतात. गोळ्यांची बाटली आणण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तीन पदार्थ शिकून घ्या: मुगाच्या डाळीची खिचडी, अंडा भुर्जी किंवा पनीर भुर्जी, आणि कढी. मी बासष्टाव्या वर्षी शिकलो. पहिली कढी फुटली होती. आता बेसन आधी दह्यात घुसळून घेतो.

उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीने पोट भरतं, पदरात फारसं काही पडत नाही. एकादशी सोडा म्हणत नाही. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, भगर, म्हणजे इथल्या किराण्यात मोरधन म्हणून मिळते ती, दही, दाण्याची आमटी असं करा.

पायरी सहावी: मीठ, पोटॅशियम आणि पाणी

शेव नसलेलं ताट इंदूरकराला सुनं वाटतं. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, नुसतीच शेव. आणि पोह्यांवर भुरभुरतात तो जीरावन मसाला? त्यात काळं मीठ असतंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरायच्या आधीच थांबायचं. त्यात स्वयंपाकातलंही आलं. शेव बंद करायला सांगणारा लेख इथे कुणी वाचणार नाही, म्हणून एवढंच: पोह्यांवर असेल तर वरणावर नको, आणि डबा टेबलावर ठेवायचा नाही, कपाटात.

सैंधव खाल्लं की रक्तदाब वाढत नाही ही समजूत खोटी. तेही सोडियमच, शिवाय बहुतेकदा त्यात आयोडीन नसतं. 'लो सोडियम' मीठ ही मात्र जपून हाताळायची वस्तू. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड धड असलेल्या माणसाला ते चांगलंच, पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी, पण पोटॅशियम राखणारी गोळी) चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोजच्या नारळपाण्यालाही हेच लागू. सुनेने चांगल्या हेतूने मीठ बदललं असेल तर डॉक्टरांना सांगा.

पाण्याचं आम्हा पुरुषांचं वेगळंच रडगाणं. प्रोस्टेटमुळे रात्री तीनदा उठावं लागतं, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. मग चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ. पाणी कमी करू नका, पुढे ओढा: दिवसाचा बराचसा कोटा संध्याकाळी सहाच्या आत संपवा, रात्रीचा चहा सोडा. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच.

पायरी सातवी: लोहाला आपण हात लावायचा नाही

पुरुषाचं हिमोग्लोबिन तेराच्या खाली आलं की पंडुरोग धरतात. घरचे लगेच बीट, गूळ-खजूर आणि लोहाची गोळी सुरू करतात. बायकांच्या बाबतीत पाळीमुळे लोह कमी होतं, हे समजण्यासारखं आहे. साठीच्या पुरुषाचं रक्त जातंय कुठे? बहुधा आतड्यातून: मूळव्याध, गुडघ्यांसाठी घेतलेल्या वेदनाशामकांनी पडलेला अल्सर, रोजची ॲस्पिरिन, आणि कधी कधी मोठ्या आतड्याचा कर्करोग. गोळीने आकडा वर येतो आणि मूळ कारण सहा महिने झाकून राहतं. म्हणून लोह डॉक्टरांनी कारण शोधल्यावरच. संडास काळा, डांबरासारखा होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. ज्यांचं रक्त ठीक आहे त्यांनी मल्टिव्हिटॅमिन घेतलीच तर लोह नसलेली बघावी.

जेवणातलं लोह अंगी लागावं म्हणून एक सोपी युक्ती आपल्या नाश्त्यातच आहे. पोह्यांवर लिंबू पिळतोच आपण, ते क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करतं. मग लगेच कडक चहा पिऊन त्यावर पाणी ओततो. चहा तासाभराने घ्या. अवघड आहे, मला माहीत आहे. छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत उभं राहून पोहे खायचे आणि चहा नाही म्हणजे काय! निदान घरी तरी.

पायरी आठवी: जे घ्यायचं नाही

ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल 'तारुण्यासाठी' आमच्यातले बरेच जण घेतात. अमेरिकेत २००१ पासून पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम प्रोस्टेटचा कर्करोग टाळतं का, हे बघायचं होतं. २०११ साली निकाल आला: रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. आपल्या दुकानात सहज मिळते ती कॅप्सूल ४०० चीच असते.

बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी, किंवा आयुष्यभर ओढून सोडलेल्यांनी, बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांपासून लांब राहावं. फिनलंडमधल्या एकोणतीस हजार पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासात, १९९४ साली, ह्या गोळीने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं. गाजर खुशाल खा, ते निर्दोष आहे.

जस्ताच्या गोळ्या 'मर्दानी ताकद' म्हणून विकतात. दिवसाला चाळीस मिलिग्रॅमच्या वर जस्त बरेच महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की पुन्हा पंडुरोग आणि पुन्हा पायांना मुंग्या. रात्री पोटरीत गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम घेणाऱ्यांचीही निराशाच होते. वयस्कांना पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं जास्त कामाचं.

राहिली मल्टिव्हिटॅमिन. अमेरिकेतल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांना वर्षानुवर्षं ती किंवा खोटी गोळी देऊन बघितलं. २०१२ साली निकाल आले: कर्करोग आठ टक्क्यांनी कमी, हृदयविकारात काहीच फरक नाही. माझं मत विचाराल तर जेवण धड होत नसेल, दात नसतील, आजारातून उठला असाल तर साधी, स्वस्त, गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपासची घ्या. जनऔषधी केंद्रातली चालते. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात जाऊन 'सर्वांत भारी कोणती' असं विचारू नका, भारीवाल्यात मात्राही भारी असते.

पायरी नववी: वेळापत्रक

सगळ्या गोळ्या एकदम गिळून मोकळं व्हायची आमची सवय. तसं चालत नाही. माझा क्रम असा आहे, तुमच्या औषधांप्रमाणे डॉक्टरांकडून बदलून घ्या. उठल्यावर थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, अर्धा-पाऊण तास काही नाही. नाश्त्याबरोबर मेटफॉर्मिन, नाश्त्यानंतर बी१२. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, कारण थायरॉइडच्या गोळीपासून त्याला चार तासांचं अंतर हवं. रविवारी दुपारी जेवणानंतर ड, तेही आता महिन्यातून एकदाच. पँटोप्राझोल मला डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली, चार वर्षं कशासाठी चालली होती ते कुणालाच सांगता येईना.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग वर्षातून एकदा. माझं बी१२ तीन महिन्यांत साडेचारशेवर गेलं. मुंग्या जायला आठ महिने लागले, आणि उजव्या पायाच्या दोन बोटांत बधिरपणा अजून आहे. फार दिवस दबलेली नस पूर्ण परत येत नाही, असं भाची म्हणते. चपला मी आता मागे पट्टा असलेल्याच घेतो.